कमरेला बांधलेलं बी

२ फेब्रुवारी

आले एकदाची. दोन ट्रंका, एक गादी, कात्र्यांची पिशवी आणि मी, असे सगळे टेम्पोतून उतरलो तेव्हा फाटकात स्वागताला कुणी नव्हतं, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. अठरा वर्षं दुसऱ्याच्या नर्सरीत रोपं वाढवली. ती नर्सरी विकली गेली, तिथे आता मोटारी धुतात. इथे मला बागेच्या मागच्या अंगाला दोन खोल्या मिळाल्यात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट काचघर दिसतं. दुसऱ्या खोलीत खारूची खाट मावेल, पावलांनी मोजून पाहिलं.

खारू म्हणजे माझी लेक. अकरा वर्षांची. खिशात सदान्‌कदा बिया, बटणं आणि खडे, म्हणून खारूताई, आणि त्याचं खारू. शाळा संपेपर्यंत ती माझ्या थोरल्या बहिणीकडे, ताईकडे राहील. तिचे वडील आम्हाला सोडून गेले त्याला सहा वर्षं झाली, आणि त्या विषयावर या वहीत याहून जास्त शाई मी खर्च करणार नाही. एक मेला खारू इथे येणार. मग आम्ही दोघी आमच्या स्वतःच्या दाराला आतून कडी घालणार. आजवर कुणाच्या ना कुणाच्या घरात राहिलो, कडी नेहमी दुसऱ्याची. मला एवढंच हवंय, बाकी जगाने आपापलं बघावं.

ही खरं तर पेरणीची वही. काय पेरलं, कधी उगवलं, तेवढंच लिहायचा रिवाज. पण रिकाम्या खोल्यांत बोलायला कुणी नाही, तेव्हा माझी बडबडही बिचारीने सोसावी.

४ फेब्रुवारी

मालकीणबाईंना भेटले. नव्वदीच्या असाव्यात. हातात काठी, आवाज मऊ, आणि दर तिसऱ्या वाक्याला घाई नको म्हणतात. एवढ्या मोठ्या घरात एकट्याच. बागही मोठी आहे, पण माझ्याकडून त्यांना एकच काम हवंय. हिरवळीच्या मधोमध एक जुनं झुडूप आहे, दोन पुरुष उंच, पार वाळत आलेलं. शेंड्याला फक्त दोन कळ्या, त्याही घट्ट मिटलेल्या. तीन वर्षं त्या अशाच मिटलेल्या आहेत म्हणे. त्याच झुडपाचं बी बाईंनी पत्र्याच्या डबीत जपून ठेवलंय. त्यातून नवीन झुडूप वाढवायचं.

मी म्हटलं, त्यापेक्षा फांदी लावू या, दोन वर्षांत फुलेल. असलं झुडूप बियापासून वाढवलं तर फुलायला सात वर्षं लागतात आणि तुमचं वय, एवढं बोलून गेले आणि मग जीभ चावली. माझ्या जिभेला हाड नाही हे ताई मला लहानपणापासून ऐकवते. बाई रागावल्या नाहीत. फांदी धरत नाही, म्हणाल्या. आणि सात वर्षं लागतात हे मला चांगलं ठाऊक आहे, असंही म्हणाल्या. नव्वदाव्या वर्षी सात वर्षांचं काम काढणारी बाई मला आवडली.

५ फेब्रुवारी

डबीत अकरा बिया आहेत. बाईंनी त्यातल्या तीन दिल्या. पाण्यात टाकून पाहिल्या. बुडतं ते बी, तरंगतं ते पोचट, हे नर्सरीतलं शेंबडं पोरही सांगेल. एक बुडालं, दोन तरंगत राहिल्या. बुडालेल्याला कानशीने बारीक चीर पाडली आणि कोमट पाण्यात भिजवलं. बाई शेजारी उभ्या राहून बजावत होत्या की पाणी कोमटच हवं, उकळतं पडलं तर बी कायमचं मरतं. अठरा वर्षांनंतर हे मला कुणीतरी शिकवावं!

मग त्यांनी जुनी पद्धत सांगितली. बी ओल्या फडक्यात गुंडाळून तीन दिवस कमरेला बांधायचं, अंगाच्या उबेने फुटतं. यात नवल काही नाही, कडक थंडीत आम्हीही मिरचीचं बी असंच फुटवायचो. बांधलं.

तरंगणाऱ्यांपैकी एक खताच्या ढिगात फेकलं. दुसरं मात्र काळंभोर, तुकतुकीत, फेकवेना. खारूच्या पत्रात घालून दिलं. तिच्याकडे बियांची पेटी आहे, त्यात शोभेल. लिहिलं की हे पोचट आहे, उगवायचं नाही, नुसतं बघायला ठेव. आणि तुझी आई सध्या ओल्या फडक्यात बी गुंडाळून कमरेला बांधून फिरतेय, अंडं उबवणाऱ्या कोंबडीची बहीण झालीय. वाचून फिदीफिदी हसेल.

६ फेब्रुवारी

जुन्या झुडपाच्या त्या दोन कळ्या आज सकाळी उमलल्या. तीन वर्षं मिटलेल्या, आणि मी आल्यावर उमलल्या. पांढरी, ताटलीएवढी फुलं. वास इतका गोड की दातांना कळ लागावी. बाई दिवसभर झुडपाखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी माझ्या हाताला गुण आहे असं स्वतःला सांगून घेतलं.

९ फेब्रुवारी

बी काल फुटलं. तीन दिवस म्हणजे तीन दिवस. पांढरा मोड, चांगला जाड. सोडवताना मोड कातडीला किंचित चिकटला होता, कमरेवर तिळाएवढा लाल ठिपका राहिलाय. काचघरात कुंडीत लावलं.

जुनं झुडूप काल वाळून गेलं, आज मुळासकट निघालं. बाई काठी न घेता बघायला आल्या होत्या.

१६ फेब्रुवारी

आठवड्यात वीतभर. अठरा वर्षांत असलं रोप पाहिलं नाही. उंची लिहिताना आधी चुकले असं वाटलं, पुन्हा पट्टी लावली. बाईंच्या सांगण्यावरून आजच हिरवळीवर, जुन्या जागी लावलं. दोन बादल्या पाणी पितं आणि वर मान ताठ. मी त्याचं नाव जावईबापू ठेवलंय. भरपूर गिळायचं, काम शून्य, आणि रुसून चालायचं नाही.

एक गंमत. या आठवड्यात नखं तीनदा कापली. खताचा वास अंगात मुरला की असं होतं का कोण जाणे. बाकी तब्येत ठणठणीत.

२३ फेब्रुवारी

जावईबापू कमरेला लागले. नुसतेच उंच, सरळसोट, फांदी नाही. अशा रोपाचा शेंडा खुडावा लागतो, मग ते बाजूंनी फुटतं आणि अंग धरतं. कुठलाही माळी हेच करील. मी अंगठ्याच्या नखाने शेंडा खुडला आणि म्हटलं, आता उतरला माज.

बाईंना सांगितलं तर त्यांचा चेहरा उजळला. लहान मुलीसारख्या टाळी वाजवून म्हणाल्या की प्रत्येक जण खुडतेच. प्रत्येक म्हणजे कोण, ते विचारायचं राहिलं.

२७ फेब्रुवारी

खारूचं पत्र. टपालवाले काका घेऊन आले. पंचवीस वर्षं याच रस्त्यावर टपाल वाटतायत आणि बोलायला लागले की सायकलला उभं राहून कंटाळा येतो. त्यांनी सांगितलं की या घरात माझ्याआधी चार माळिणी होऊन गेल्या. सगळ्या तरण्याताठ्या, कामाला वाघ. आणि गंमत म्हणजे शेवटी शेवटी प्रत्येकीची आई इथे राहायला यायची. दार वाजवलं की म्हातारी बाई उघडायची. मग थोड्या दिवसांनी दोघीही दिसेनाशा व्हायच्या. काका म्हणाले, त्या आया आलेल्या मात्र त्यांनी कधी पाहिल्या नाहीत.

मी हसले. माझी आई दहा वर्षांपूर्वीच गेली, तेव्हा माझ्यापुरती ही अडचण नाही.

खारूचं पत्र वाचायला दूर धरावं लागलं. चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक.

८ मार्च

शेंडा खुडल्यावर दोन फांद्या फुटल्या, दोन आठवड्यांत त्या माझ्या डोक्यावरून गेल्या. दोन्हीचे शेंडे काल पुन्हा खुडले. आज चार फुटवे.

आरशात पाहिलं. केस मुळांपाशी पांढरे, चांगले दोन बोटं. महिन्याभरापूर्वी चार केस पिकलेले होते, त्यांची आणि माझी वैयक्तिक ओळख होती. जिना चढताना उजवा गुडघा बोलतो. कामाचा ताण असं ताई म्हणाली असती. ताण कसला, एक रोप आणि मी.

अवजारांच्या खोलीत खणात जुन्या लाकडी पट्ट्यांच्या चार जुड्या सापडल्या, दोऱ्याने बांधलेल्या. रोपाशेजारी खोचतो तशा, त्यावर तारीख आणि उंची. चार जुड्या, चार हस्ताक्षरं. पहिल्या पट्टीवर अक्षर ठसठशीत. अकराव्या-बाराव्या पट्टीवर अक्षर असं हललेलं की वाचवत नाही. चारही जुड्यांचं तेच. कुठल्याही जुडीत तीन महिन्यांपलीकडची तारीख नाही.

मी माझ्या पट्ट्या काढून शेजारी ठेवल्या. पाच आहेत. पाचव्या पट्टीवरचा तिनाचा आकडा मला आवडला नाही.

१२ मार्च

भीती वाटली की मला राग येतो. तसा तो आज सकाळी आला. मोठी कातरी घेऊन हिरवळीवर गेले आणि जावईबापूंना बुंध्याशी कापायला घातलं. कातरी बुंध्यात बोटभर गेली आणि माझ्या पोटऱ्यांतून कुणी तार ओढावी अशी कळ गेली. मी गवतात बसले ती तासभर उठलेच नाही. उठले तेव्हा डावीकडचा एक दात हातात आला.

आणि झुडपाला काय, तर कापल्या जागेतून पाचवा फुटवा निघालाय. कापलं की फुटतं. मी माळीण, मला हे सांगायला लागावं?

बाई व्हरांड्यात बसून बघत होत्या. घाई नको, म्हणाल्या.

१५ मार्च

इथून गेले तर सुटेन असं वाटलं. परवा बसने तीन तास लांब गेले, नर्सरीतल्या जुन्या मैत्रिणीकडे राहिले. तिने दार उघडलं आणि बघतच राहिली. आजारी होतीस का, विचारलं. दोन दिवस तिच्याकडे खाल्लं, प्यायले, झोपले. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या कंगव्यात माझे केस पाहून तीच रडायला लागली.

परत आले. जावईबापू दोन दिवसांत हातभर वाढलेले, कुणी पाणी घातलेलं नसताना. ते पाणी पितच नव्हते.

कमरेवरचा ठिपका आता नाण्याएवढा आहे.

१७ मार्च

आज डोकं थंड ठेवून मांडलं. बियापासून फुलापर्यंत सात वर्षं लागतात. हे झुडूप ती सात वर्षं आठवड्यांत उरकतंय. म्हणजे ती वर्षं ते कुठून तरी घेतंय. एक शेंडा होता तेव्हा सात. आता पाच शेंडे आहेत. पाच साते पस्तीस. माझी एक्केचाळीस आणि ही पस्तीस, शहात्तर.

चार मी माझ्या नखाने फोडले. पाचवा कातरीने.

टपालवाल्या काकांच्या त्या आया. कुणाच्या आयाबिया आल्या नव्हत्या. दार त्या माळिणीच उघडत होत्या.

बरं. कळलं. कळलं की निम्मं काम होतं, असं माझा जुना मालक म्हणायचा, कीड लागली की. आता कीड कुठे आहे ते मला माहीत आहे.

२८ मार्च

ताईला फोन केला. खारूला पाठवू नको, हे सांगायला. ताई म्हणाली, कोण बोलतंय? मी म्हटलं, मी. ती म्हणाली, हो हो, मालकीणबाई ना, नमस्कार. आवाज ओळखला नाही तिने. माझाच आवाज मला ओळखू येत नाही, तिला काय बोल लावू. मी ओरडले, अगं मी, मीच. तर तिचा सूर बदलला, म्हणाली, बाई, माझ्या बहिणीला म्हणावं पोरगी दिवस मोजतेय, एक मेला बसमध्ये बसवते. आणि ठेवला.

पत्र लिहिलं. अक्षर पाहिलं. फाडलं. हे अक्षर माझं आहे असं ताई मरेपर्यंत मानणार नाही.

पळून जाऊन खारूकडे जाता येईल. पण मग इथे कळ्या येतील आणि बाईंच्या डबीत आठ बिया आहेत. आणि नवी कुणीतरी येईल, तिलाही एखादी खारू असेल. नाही. मीच लावलंय, मीच काढणार.

२ एप्रिल

कळ्या आल्या. प्रत्येक शेंड्याला सात. एकेक वर्ष एकेका कळीत बसलंय, माझं.

बाई आज स्वतः माझ्या खोलीत आल्या. काठी परत आलीय. समोर बसून, चहा घेत, सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. फूल उमललं की त्याच्याखाली बसणाऱ्याला ते वर्ष मिळतं. पण नव्या कमरेला नवं बी बांधल्याशिवाय कळी उमलत नाही. तुम्ही बांधलंत तेव्हा माझ्या दोन उमलल्या, म्हणाल्या. मग भाव सांगितला. एका फांदीची सात फुलं मला, चार फांद्यांची त्यांना. बी तेवढं खारूच्या कमरेला बांधायचं. लहान अंगाची ऊब चांगली असते, म्हणाल्या. आणि मुलीला आई तरी ओळखू येईल.

मी त्यांचा कप हातातून काढून घेतला. अर्धा भरलेला होता. मोरीत ओतला आणि दार उघडून धरलं.

३ एप्रिल

बाई दुपारी झोपतात. त्यांच्या कपाटातून डबी आणली. आठ बिया, तीनदा मोजल्या. पातेल्यात टाकल्या, वर खळखळतं पाणी. उकळतं पडलं की बी कायमचं मरतं, त्यांनीच शिकवलं. अर्धा तास उकळल्या. कवचं उलली, आतून पांढरं पीठ निघालं. एकेक चिमटीत धरून चेचली.

खताच्या ढिगातलं बीही शोधलं. कुजून गेलंय. बोटांनी चाचपलं, काळा चिखल.

बाईंना रिकामी डबी परत दिली. त्या डबीकडे बघत बसल्या. पहिल्यांदाच घाई नको म्हणाल्या नाहीत.

५ एप्रिल

न उमललेल्या कळीवरही माझा भरवसा नाही. खुडायला घेतल्या. शेंडा नाही, फक्त कळी, देठाशी. एकेक खुडली की छातीत काहीतरी तुटतं आणि ते वर्ष गेलं हे कळतं, परत न येण्यासाठी. अकरा झाल्या. एक कळी खुडताना अर्धवट उलगडली आणि तिचा वास आला. गुडघा दुखायचा थांबला. हातावरचे डाग फिके झाले. त्या फांदीपाशी मी किती वेळ उभी होते ते लिहीत नाही.

मग ती चुलीत टाकली.

१० एप्रिल

बत्तीस. तेहतीस.

शिडी चढवत नाही. बसून, हाताने फांदी वाकवून खुडते. जावईबापू आता पानं गाळतायत. रुसले. रुसा.

टपालवाले काका आज आले. मला पाहिलं आणि टोपी काढली. पत्र हातात देताना हात धरून ठेवला. त्यांना कळलं असावं, पंचवीस वर्षांनी.

खारू लिहिते की तिच्याकडे माझ्यासाठी एक गंमत आहे.

१४ एप्रिल

संपल्या. पस्तीस. मोजून पस्तीस.

झुडूप वाळतंय. बाई अंथरुणाला खिळल्या. मी शहात्तर. चालतं. म्हातारी आईही आईच असते. ओळख पटायला वेळ लागेल, तेवढंच. मी तिला तिच्या लहानपणीच्या गोष्टी सांगेन, ज्या मला सोडून कुणालाच माहीत नाहीत. ती खिशातले खडे काढून दाखवील. पटेल.

२२ एप्रिल

खाट लावली. चादर घातली. दम लागला.

कडीला तेल घातलं. छान सरकते.

२९ एप्रिल, सकाळ

एक फूल उमललंय.

तळाच्या फुटव्याला, वाळक्या पानाआड. छत्तिसावी कळी, खुडल्यावर मागाहून फुटलेली, या डोळ्यांना दिसली नसणार. पण उमललं कसं. नवं बी कुणाच्या तरी कमरेला — बी उरलंच नाही. अकरा होत्या. आठ उकळल्या. एक माझं. एक खतातलं —

दहाच होतात.

२९ एप्रिल, दुपार

खारू आली. दोन दिवस आधी, आईला चकित करायला. फाटकातून पळत आली, मला दारात पाहून थांबली, श्वास सावरला, आणि ताईने शिकवलंय तसं नीट विचारलं — आजी, माझी आई कुठे आहे?

मी म्हटलं, मागे आहे. येईल. आत ये.

उंच झालीय. वरचा सुळा पूर्ण आलाय.

खिशातून पत्र काढून दाखवलं, माझं, फेब्रुवारीचं. मग सदरा वर केला. कमरेला ओलं फडकं. आईला सांगू नका म्हणाली, गंमत आहे. आई म्हणाली पोचट आहे, पण ते पोचट नाहीच, आई चुकली. कालपासून बांधलंय. फुगलंय.

आई चुकली. हो गं.

मी म्हटलं, आजीला बघू दे. गाठ सोडायला मला जमेना, तिनेच सोडली. फुटलेलं नाही. कातडी स्वच्छ. ठिपका नाही. फुगलंय, चीर गेलीय, मोड नाही — अजून नाही. काल सकाळी बांधलं, म्हणजे तीन दिवस व्हायचेत. वेळ आहे.

किटली ठेवलीय. शिट्टी होईपर्यंत लिहिते, घाईत, खारू, तू नंतर वाचशील म्हणून. अक्षर असं असलं तरी मीच आहे. तू चार वर्षांची असताना नाकात वाटाणा घातला होतास आणि ताईला सांगायचं नाही अशी शपथ घातली होतीस. मी सांगितलं नाही. अजून नाही.

खिडकीतून बाई दिसतायत. अंथरुणातून उठल्या. काठी टेकत, हिरवळीवरून, फुलाकडे. वास इथवर येतोय. माझा हात थरथरायचा थांबलाय, एवढ्यानेच. बी राहिलं तर ते फूल राहील, आणि पुढची —

खिडकी लावली.

खारू खाटेवर बसून पाय हलवतेय. विचारते, आई कधी येणार. सांगितलं, आत्ता, एवढं काम झालं की.

बाई दाराकडे वळल्या. दार वाजवतायत. मऊ आवाजात —

कडी घातलीय. आतून. आम्ही दोघी आत. आमची कडी.

शिट्टी झाली. बी हातात आहे, गरम लागतंय, हलतंय — नाही, मोड नाही, मी बघितलं — आता वाटीत टाकून वर उकळतं पाणी ओतते आणि मग तिच्या शेजारी बसून तिला सांगते की मी तुझी